ग्लिसरीनपासून बनलेलं प्रॉपिलीन ग्लायकॉल: वाइनरीच्या चिलरमधला पूर्ण एक हंगाम

आधी निकाल सांगते. माल चांगला आहे, चिलरमध्ये बिनधास्त वापरा, पण कागद हातात आल्याशिवाय पैसे सोडू नका. बाकीचं सविस्तर लिहिते आहे, कारण हा माल कुठून येतो आणि कसा बनतो हे कळल्याशिवाय त्याला जास्त पैसे का मोजायचे ते कळत नाही. आणि विकणाऱ्याला विचारलं तर तोही बहुतेक वेळा सांगू शकत नाही.

मी नाशिक जिल्ह्यातल्या एका वाइनरीत युटिलिटी सांभाळते. चिलर, बॉयलर, आरओ, ईटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट) सगळं माझ्याकडे. केमिकलचा डिप्लोमा असल्यामुळे रसायनांची खरेदीही माझ्याच सहीने होते. ग्लायकॉल म्हणजे शून्याखालीही पाणी गोठू नये म्हणून त्यात मिसळायचं द्रव रसायन. आमच्या ग्लायकॉल सर्किटमध्ये त्याचं साधारण तीन हजार लिटर द्रावण फिरतं. चिलरमधून उणे सहा अंशाला निघतं, टाक्यांच्या जॅकेटमधून, म्हणजे टाकीभोवतीच्या पोकळ आवरणातून, फिरून परत येतं. पांढऱ्या वाइनचा रस आंबत असताना यीस्ट भरपूर उष्णता सोडतं, आणि तो रस १४ ते १६ अंशांत धरून ठेवला नाही तर चेनिन ब्लाँचा सगळा वास उडून जातो. आंबवण संपल्यावर वाइन उणे चारच्या आसपास काही दिवस ठेवावी लागते, म्हणजे टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे खडे बाटलीत पडण्याऐवजी टाकीतच पडतात. ही दोन्ही कामं ग्लायकॉलच्या जिवावर चालतात. जानेवारी ते मार्च, तोडणीच्या काळात, चिलर दोन तास बंद राहिला तरी वाइनमेकरच्या चेहऱ्यावर दिसतं.

वाइनरीत, डेअरीत, आइस्क्रीमच्या कारखान्यात एथिलीन ग्लायकॉल चालत नाही, कारण ते विषारी आहे. जॅकेटच्या वेल्डिंगला केसाएवढी चीर पडली तरी ते वाइनमध्ये उतरू शकतं. म्हणून प्रॉपिलीन ग्लायकॉल, तेही फूड ग्रेड. आजवर आम्ही जे वापरत आलो ते पेट्रोलियमचं. प्रॉपिलीन वायूपासून प्रॉपिलीन ऑक्साइड, आणि त्याला पाणी जोडलं की ग्लायकॉल. आपल्याकडे चेन्नईजवळ मनालीला ते बनतं, बाकी आयात होतं. त्या मालाबद्दल माझी काही तक्रार नाही. जुनं द्रावण काळपट झालं होतं, पीएच उतरला होता, सगळं काढून नवं भरायचंच होतं. तेव्हा मालकांनी विचारलं, की आपण सोलर लावलं, पाण्याचा पुनर्वापर करतो, मग हेही हरित मिळतं का बघा. मी शोध घेतला आणि हा युरोपात बनलेला, बायोडिझेलच्या ग्लिसरीनपासून केलेला माल मिळाला. मुंबईच्या मस्जिद बंदरमधल्या व्यापाऱ्याकडून २१५ किलोचे पाच ड्रम मागवले.

या मालाची कथा बायोडिझेलपासून सुरू होते. तेल किंवा चरबी मिथेनॉलबरोबर, थोडा सोडा किंवा पोटॅश उत्प्रेरक म्हणून घालून तापवली की तेलाचा रेणू सुटतो. तीन लांब शेपट्या मिथेनॉलला चिकटून बायोडिझेल होतात आणि ज्या कण्याला त्या बांधलेल्या होत्या तो कणा, म्हणजे ग्लिसरीन, खाली बसतो. ढोबळ हिशेब असा की १०० किलो तेलामागे १० किलो ग्लिसरीन. युरोपने २००३ नंतर बायोडिझेल वाढवायला सुरुवात केली आणि काही वर्षांतच ग्लिसरीनचा इतका ढीग झाला की त्याचा भाव कोसळला. साबण, औषधं, सौंदर्यप्रसाधनं मिळूनही एवढं ग्लिसरीन संपवू शकत नव्हती.

हे कच्चं ग्लिसरीन मी एका बायोडिझेल युनिटमध्ये हातात घेऊन पाहिलं आहे. काचेच्या बरणीत होतं, काकवीसारखं गडद आणि चिकट. झाकण उघडलं की साबणाचा आणि मिथेनॉलचा मिसळलेला उग्र दर्प. त्यात पाणी असतं, साबण असतो, उत्प्रेरक मारण्यासाठी घातलेल्या आम्लाचं मीठ असतं. बरणी तिरकी केली तर तळाशी मिठाची पांढुरकी साय हळूच सरकताना दिसते. आपल्याला दुकानात मिळणारं पाण्यासारखं स्वच्छ ग्लिसरीन होण्यासाठी त्याला निर्वात ऊर्ध्वपातनातून जावं लागतं.

एक गोष्ट मला फार आवडली ती इथेच सांगते. बायोडिझेल शंभर टक्के वनस्पतीचं असतं असं आपण धरून चालतो, पण त्याच्या प्रत्येक रेणूत एक कार्बन मिथेनॉलचा असतो, आणि मिथेनॉल बहुतेक नैसर्गिक वायूपासून बनतं. ग्लिसरीनमधले तीनही कार्बन मात्र तेलातूनच आलेले. म्हणजे ज्याला आपण उपउत्पादन म्हणून बाजूला काढतो ते मुख्य मालापेक्षा जास्त अस्सल शेतातलं आहे.

आता ग्लिसरीनचं प्रॉपिलीन ग्लायकॉल कसं होतं? ग्लिसरीनच्या तीन कार्बनांवर तीन हायड्रॉक्सिल गट असतात. प्रॉपिलीन ग्लायकॉलमध्ये दोन. कडेचा एक गट काढून त्या जागी हायड्रोजन बसवायचा, एवढंच काम. ऐकायला सोपं, पण तापवून हायड्रोजन सोडला तर रेणू कुठेही तुटू शकतो. रुथेनियमसारखा धातू वापरला तर तो कार्बन-कार्बनचा सांधाच कापायला लागतो आणि हाती एथिलीन ग्लायकॉल आणि मिथेन येतं, म्हणजे नेमकं आम्हाला जे नको तेच. तांब्याचा स्वभाव वेगळा. तांबं कार्बन-कार्बनच्या सांध्याला फारसा हात लावत नाही, कार्बन-ऑक्सिजनचा सांधा मात्र सोडवतं. आधी ग्लिसरीनमधून पाण्याचा एक रेणू निघतो आणि ॲसिटॉल नावाचा मधला पदार्थ तयार होतो, मग त्या ॲसिटॉलला तांब्याच्याच पृष्ठभागावर हायड्रोजन मिळतो आणि ग्लायकॉल होतं.

अमेरिकेत मिझुरी विद्यापीठात गॅलन सप्स यांनी हेच दोन टप्पे ओळखून कॉपर क्रोमाइट (तांबं आणि क्रोमियमचं संयुग) या उत्प्रेरकावर सुमारे २०० अंश तापमानाला आणि १४ बारच्या आत काम होतं हे दाखवलं. त्याआधीच्या पद्धतींना याच्या कितीतरी पट दाब लागायचा, आणि दाब वाढला की रिॲक्टरच्या पत्र्याची जाडी वाढते, खर्च वाढतो, धोका वाढतो. चिलरच्या पाइपिंगवर काम करणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. या कामासाठी सप्स यांना २००६ मध्ये अमेरिकेचा हरित रसायनशास्त्राचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे मोठे कारखाने उभे राहिले. एडीएम कंपनीचा इलिनॉयमधल्या डिकेटरचा प्रकल्प २०११ मध्ये सुरू झाला, वर्षाला एक लाख टनांचा. बेल्जियममध्ये एर्टव्हेल्डे इथे ओलिऑनचा २० हजार टनांचा प्रकल्प २०१२ मध्ये, बीएएसएफच्या तंत्रज्ञानावर. हे सगळं सांगायचं कारण एवढंच की हा माल प्रयोगशाळेतला नमुना नाही. औद्योगिक प्रमाणावर दहा-बारा वर्षांहून जास्त काळ बनतो आहे, तेव्हा घाबरायचं कारण नाही.

ड्रम आले तेव्हा उतरवायच्या आधी मी एकाचं सील उघडून नमुना काढला. ही सवय सगळ्यांनी लावून घ्यावी. अडीचशे मिलीच्या मोजपात्रात ग्लायकॉल ओतलं आणि हायड्रोमीटर, म्हणजे द्रवाची घनता मोजणारी काचेची नळी, सोडला. बुडबुडे वर येईपर्यंत थांबावं लागतं, कारण हे पाण्यापेक्षा बरंच दाट असतं आणि हायड्रोमीटर सावकाश स्थिरावतो. वाचन आलं १.०३४, पंचवीस अंशांच्या आसपास. बरोबर. एथिलीन ग्लायकॉल असतं तर १.११ आलं असतं, ग्लिसरीन असतं तर १.२६. फिटर काका रिफ्रॅक्टोमीटर घेऊन उभे होते. "ताई, यावर एक थेंब टाका, लगेच कळेल." मी टाकला, आकडा बरोबर आला, पण काकांना समजावून सांगितलं की या बाबतीत रिफ्रॅक्टोमीटरवर विसंबायचं नाही. प्रॉपिलीन आणि एथिलीन ग्लायकॉलचा अपवर्तनांक जवळपास सारखाच, १.४३२. काचेतून दोघं एकच दिसतात, वजनात पकडले जातात. पाण्यात मिसळल्यावर टक्का किती आहे हे बघायला मात्र रिफ्रॅक्टोमीटर उत्तम, फक्त आपण काय मिसळलं आहे ते आधीच पक्कं माहीत पाहिजे.

हायड्रोमीटरही सगळं पकडत नाही. अर्धा टक्का भेसळ असेल तर तो गप्प बसतो. फूड आणि फार्मा ग्रेडच्या मालात एथिलीन ग्लायकॉल आणि त्याचं तितकंच विषारी भावंड डायएथिलीन ग्लायकॉल प्रत्येकी ०.१० टक्क्याच्या आत असावं लागतं आणि ते गॅस क्रोमॅटोग्राफीवरच, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या चाचणीतच, दिसतं. या आकड्याकडे मी डोळ्यांत तेल घालून बघते. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले होते, त्यावर न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला. आमच्या धंद्यातली गोष्ट तर त्याच्या एकच वर्ष आधीची. १९८५ मध्ये ऑस्ट्रियातल्या काही वाइनमध्ये गोडी आणि दाटपणा वाढवण्यासाठी डायएथिलीन ग्लायकॉल घातल्याचं उघड झालं आणि त्या देशाची वाइनची निर्यात अक्षरशः बसली. ग्लायकॉल आणि वाइन हे दोन शब्द एका वाक्यात आले की जुने वाइनमेकर आजही कान टवकारतात, ते उगाच नाही. शिवाय ग्लिसरीनच्या मार्गाने बनलेल्या मालात थोडं एथिलीन ग्लायकॉल बनतंच, ऊर्ध्वपातनाने ते काढावं लागतं. म्हणजे इथे हा आकडा बघणं पेट्रोलियमच्या मालाइतकंच, किंबहुना थोडं जास्त महत्त्वाचं.

आणि नेमका इथेच आमचा व्यापारी कमी पडला. ड्रमसोबत जो विश्लेषणाचा दाखला आला त्यावरचा बॅच नंबर ड्रमवरच्या बॅच नंबरशी जुळत नव्हता. फोन केला तर उत्तर, "मॅडम, माल एकच आहे, कंपनी एकच आहे." माल एकच असेल, बॅच एक नाही. पाचही ड्रम तसेच शेडमध्ये बाजूला ठेवले, पेमेंट थांबवलं, आणि योग्य बॅचचा दाखला आल्यावरच झाकणं उघडली. तोडणी तोंडावर आलेली होती आणि मालकांचा जीव टांगणीला लागला होता, तरीही मी ऐकलं नाही. ड्रमवर हिरव्या पानाचं स्टिकर होतं. स्टिकर कुणीही छापून आणतं.

माल खरोखर ग्लिसरीनचा आहे की पेट्रोलियमचाच हिरवं पान लावून आला आहे, हे कसं ओळखायचं? रंगावरून, वासावरून, घनतेवरून, अगदी क्रोमॅटोग्राफवरूनही ओळखता येत नाही. रेणू तोच आहे, तसूभर फरक नाही. फरक फक्त कार्बनच्या वयात. झाडाने हवेतून घेतलेल्या कार्बनमध्ये थोडा किरणोत्सारी कार्बन-१४ असतो. जमिनीखाली कोट्यवधी वर्षं पडलेल्या तेलातला तो केव्हाच संपलेला असतो. पुराणवस्तूचं वय काढतात त्याच तत्त्वावर प्रयोगशाळा इथे जैविक कार्बनचा टक्का काढून देते. चाचणीचं नाव एएसटीएम डी ६८६६. ग्लिसरीनपासून बनलेल्या ग्लायकॉलमधले तीनही कार्बन तेलातले असल्यामुळे अहवालात शंभरच्या अगदी जवळचा आकडा यायला हवा. पन्नास आला तर निम्मा माल मिसळलेला समजा. आम्हाला अहवाल मागून मिळाला आणि आकडा बरोबर होता.

इथे एक बारकावा आहे. बाजारात आयएससीसी या आंतरराष्ट्रीय प्रमाणन योजनेचं मास बॅलन्स प्रमाणपत्र असलेला मालही मिळतो. त्यात कारखान्यात किती जैविक कच्चा माल गेला याचा हिशेब ठेवतात आणि तेवढ्या मालाला जैविक म्हणून विकतात. तुमच्या ड्रममध्ये प्रत्यक्ष कोणता कार्बन आला हे त्यातून कळत नाही. ती पद्धत खोटी नाही, तिचं तिचं महत्त्व आहे, पण ती आणि कार्बन-१४ची चाचणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विकणाऱ्याला विचारा की तुमच्याकडे यातलं काय आहे. तो गडबडला तर पुढचं तुम्ही समजून घ्या. आमच्याकडे आणखी एक प्रश्न येतोच, की हे शाकाहारी आहे का. बायोडिझेल प्राण्यांच्या चरबीपासूनही बनतं, त्यामुळे प्रश्न रास्त आहे. आम्ही वनस्पती तेलाचाच माल मागितला आणि तसं लेखी घेतलं.

चिलरमधल्या कामाबद्दल लिहिण्यासारखं थोडंच आहे, आणि ती चांगलीच गोष्ट आहे. जुनं द्रावण काढलं, सर्किट आरओच्या पाण्याने दोनदा धुतलं, स्ट्रेनरमधून बराच गाळ निघाला. नवं द्रावण ३५ टक्क्यांचं केलं. त्याचा गोठणबिंदू उणे १६ च्या आसपास येतो, म्हणजे चिलरमधल्या द्रावण थंड करणाऱ्या इव्हॅपोरेटरच्या आत थोडी जास्त थंडी झाली तरी बर्फ धरत नाही. पूर्ण हंगामात पुरवठ्याचं तापमान पूर्वीसारखंच, पंपाचा अँपिअर पूर्वीसारखाच, जॅकेटमधला उतार पूर्वीसारखाच. सोव्हिन्यॉ ब्लाँच्या टाक्या रात्री १५ वर लावल्या आणि सकाळी १५ वरच मिळाल्या. पंपाच्या ग्लँडमधून एकदा थोडी गळती झाली, ती पुसताना काकांनी बोट चाटून बघितलं आणि म्हणाले, "तेच आहे हो ताई, थोडं गोडसर." चाखून बघू नका असं मी त्यांना बजावलं, पण निरीक्षण त्यांचं बरोबर होतं.

पण एक लक्षात ठेवा. शुद्ध ग्लायकॉल, मग ते कुठल्याही मार्गाचं असो, तसंच भरू नका. हवेशी संबंध येऊन ते हळूहळू आम्लात बदलतं आणि नुसत्या पाण्यापेक्षाही जास्त गंज आणतं. फूड ग्रेड सर्किटला डायपोटॅशियम फॉस्फेट हा इनहिबिटर, म्हणजे गंज रोखणारा पदार्थ, चालतो. आमच्या ड्रममध्ये तो नव्हता, आम्ही वेगळा घातला. पीएच आठच्या खाली जाऊ देऊ नका. आणि बोअरचं पाणी तर अजिबात नको. आपल्याकडचं पाणी जड, त्यातला कॅल्शियम फॉस्फेटशी जुळून पांढरा गाळ होतो आणि प्लेट हीट एक्स्चेंजर तुंबतो. टक्का २० च्या खाली गेला तर उलटीच गंमत होते, जंतू ग्लायकॉलवरच पोसायला लागतात आणि सर्किटला वास येतो. खर्च वाचवायला पाणी वाढवत बसू नका. जुनं द्रावणही ईटीपीत एकदम सोडू नका. ते विघटन पावतं हे खरं, पण पावताना पाण्यातला सगळा ऑक्सिजन ओढून घेतं आणि ईटीपीतले जीवाणू गुदमरतात. आम्ही ते टाकीत साठवून थोडं थोडं सोडलं.

काकांनी मध्येच एक चांगला प्रश्न विचारला. "ताई, ग्लिसरीनपासून हे करण्यापेक्षा ग्लिसरीनच टाकलं तर?" टाकता येतं. पूर्वी गाड्यांच्या रेडिएटरमध्ये ग्लिसरीन वापरतही असत. पण तेवढ्याच गोठणबिंदूसाठी वजनाने जास्त ग्लिसरीन लागतं, शुद्ध ग्लिसरीन थंडीत ओतता ओतता नाकी नऊ येतात, आणि स्वस्तातलं घ्यायला गेलात तर त्यात क्लोराइडचं मीठ असतं. स्टेनलेस स्टीलच्या जॅकेटला क्लोराइड बारीक भोकं पाडतं, आणि अशी भोकं दिसतात तेव्हा फार उशीर झालेला असतो. तेच क्लोराइड आणि गंधक उत्प्रेरकातल्या तांब्यालाही मारतं, म्हणून कारखान्यांनाही आधी ग्लिसरीन शुद्ध करून घ्यावं लागतं. या धंद्यातला मोठा खर्च तिथेच आहे.

या मालात मला खटकणारी एक गोष्ट आहे आणि ती कुठल्याही माहितीपत्रकात सापडत नाही. ती म्हणजे हायड्रोजन. ९२ किलो ग्लिसरीनला २ किलो हायड्रोजन लागतो आणि त्यातून जास्तीत जास्त ७६ किलो ग्लायकॉल आणि १८ किलो पाणी मिळतं. म्हणजे १०० किलो ग्लायकॉलमागे साधारण २.६ किलो हायड्रोजन. आजचा बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायूपासून बनतो आणि एका किलोमागे सुमारे १० किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो. गुणाकार करा. कार्बन-१४ची चाचणी कार्बनचं वय सांगते, हायड्रोजनबद्दल ती काहीच बोलत नाही. म्हणून १०० टक्के जैविक हा आकडा खरा आहे, पण पूर्ण हिशेब नाही. हे सांगणारा पुरवठादार मला अजून भेटलेला नाही.

यावर उपाय शोधणारे लोक आपल्या शेजारीच, पुण्याला आहेत. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत चंद्रशेखर रोडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्लिसरीन आणि तांब्याच्या उत्प्रेरकांवर काम केलं आहे. २०१२ मध्ये त्यांनी तांबं आणि ॲल्युमिनियमचा उत्प्रेरक वापरून, बाहेरून हायड्रोजन न देता, ग्लिसरीन आणि पाण्यातूनच हायड्रोजन काढून त्यावर ग्लायकॉल बनवल्याचं प्रसिद्ध केलं. क्रोमियम नाही, बाहेरचा हायड्रोजन नाही. प्रयोगशाळा ते कारखाना हे अंतर मोठं असतं हे मला माहीत आहे, कारण रोज मी मोठ्या यंत्रांसोबतच असते. पण दिशा हीच आहे, आणि हे काम मुळा-मुठेच्या काठावर झालं याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

मग आपण हा माल परदेशातून का आणतो? ग्लिसरीनचा उद्योग आपल्याकडे नाही असं नाही. गुजरातमध्ये दहेजला २०२२ मध्ये ग्लिसरीनपासून इपिक्लोरोहायड्रिन बनवणारा, वर्षाला ५० हजार टनांचा कारखाना सुरू झाला. त्यातून इपॉक्सी बनतं, आमच्या टँक फार्मच्या फरशीवर असतं तसं. तिथे तांब्याऐवजी सेंद्रिय आम्ल उत्प्रेरक म्हणून काम करतं. पण आपलं बायोडिझेलच अजून थोडं आहे. २०१८ च्या जैवइंधन धोरणात डिझेलमध्ये २०३० पर्यंत पाच टक्के बायोडिझेलचं उद्दिष्ट ठेवलं आहे, इथेनॉलने जी धाव घेतली तशी बायोडिझेलने घेतलेली नाही. तळणाचं वापरलेलं तेल गोळा करून त्यापासून बायोडिझेल करण्याची योजना आहे. नाशिकमध्ये मिसळीच्या आणि वड्याच्या गाड्यांवर रोज किती तेल तळलं जातं ते आठवा. ते तेल पुन्हा पुन्हा तळण्यात न जाता बायोडिझेलमध्ये गेलं, त्याचं ग्लिसरीन निघालं आणि इथेच ग्लायकॉल झालं तर मी पहिली गिऱ्हाईक होईन. व्हायलाच हवं ते.

मी एक हिशेब मांडून वाइनमेकरला दाखवला होता. आमच्या पाच ड्रमांत १०७५ किलो ग्लायकॉल. त्याला कमीत कमी १३०० किलो ग्लिसरीन लागलं असणार, म्हणजे सुमारे १३ टन तेल, म्हणजे जवळपास पंधरा हजार लिटर बायोडिझेल. तेवढं इंधन कुठेतरी ट्रकमध्ये जळून गेलं आणि त्याच्यामागे उरलेलं हे आमच्या टाक्यांभोवती फिरतं आहे. ते तेल कुठल्या शेतातलं, हाही प्रश्न सुटत नाही. मोहरीच्या जातीच्या रेपसीडचं असेल तर एक गोष्ट, जंगल तोडून लावलेल्या पामचं असेल तर वेगळी. पुरवठादाराकडून कच्च्या तेलाचं मूळ लेखी मागा.

भाव पेट्रोलियमच्या मालापेक्षा चढा लागतो. आमच्या पाच ड्रमांवर मिळून जो फरक पडला तो हंगामातल्या एका कॉम्प्रेसर सर्व्हिसिंगच्या बिलापेक्षा कमी होता, आणि हे द्रावण नीट सांभाळलं तर काही वर्षं चालतं. दर वर्षी वापरून टाकायची वस्तू असती तर मी दोनदा विचार केला असता. ज्यांचं सर्किट वीस-तीस हजार लिटरचं आहे अशा डेअरीला हा फरक बोचेल. त्यांनी आधी गळत्या बंद कराव्यात आणि टॉप-अपपुरता हा माल घेऊन बघावा. रेणू तोच असल्यामुळे जुन्या प्रॉपिलीन ग्लायकॉलमध्ये मिसळायला काहीच अडचण नाही, फक्त दोन्हीकडचा इनहिबिटर एकाच जातीचा आहे ना ते तपासा. ग्लिसरीनचा भाव बायोडिझेलच्या बाजारावर हलतो, त्यामुळे दरही वर-खाली होतो. तोडणीच्या तोंडावर खरेदी टाळा, दिवाळीनंतर लगेच ऑर्डर द्या.

टॉप-अपचा पुढचा ड्रम आम्ही याच मालाचा सांगितला आहे, पण व्यापारी बदलला आहे. पर्चेस ऑर्डरवर आता तीन अटी छापल्या आहेत: त्याच बॅचचा विश्लेषणाचा दाखला, त्यात एथिलीन आणि डायएथिलीन ग्लायकॉलचे वेगवेगळे आकडे, आणि कार्बन-१४चा अहवाल. तिन्ही कागद ईमेलवर आल्याशिवाय गाडी गेटच्या आत घेऊ नये, असं सिक्युरिटीलाही सांगून ठेवलं आहे.